मागच्या सीटची बेल

हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीसाठी खिडकीपाशी जी जागा आहे ती मी भांडून मिळवली आहे. तिथून टेकडी चढून येणाऱ्या रस्त्याची शेवटची दोन वळणं दिसतात, आणि आठवड्यातून तीन सकाळी ती दोन वळणं मला दिसलीच पाहिजेत. बरोबरीच्या बायका म्हणतात, हिचं लक्ष चादरीत कमी आणि रस्त्यावर जास्त. खरंच आहे ते. त्या दिवशी माझ्या हातून एखाद्या चादरीवर इस्त्रीचा पिवळा डाग उमटतोच, आणि सुपरवायझर तो माझ्या नाकासमोर नाचवते. नाचव म्हणावं. तुझी सख्खी बहीण सायकलच्या मागे बसून हा चढ चढत असती, तर तुझ्या चादरी किती पांढऱ्या राहिल्या असत्या ते मीही बघितलं असतं.

ताई माझी थोरली बहीण. तिची मूत्रपिंडं दमली, त्यांचं काम आता वरच्या मजल्यावरचं डायलिसिसचं यंत्र करतं. तिला टेकडीवर घेऊन येतात माझे भावोजी, विजेच्या सायकलवरून. मी त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहते. मी लग्न केलं नाही, म्हणून मला जगाला सल्ले द्यायला भरपूर वेळ मिळतो, असं भावोजींचं मत आहे. सकाळच्या पाळीसाठी मी त्यांच्या आधी निघते. त्यामुळे ते दोघं चढाला लागतात तेव्हा मी खिडकीत असते आणि माझा जीव टांगणीला.

भावोजी बसचे ड्रायव्हर होते. त्यांच्या गाडीला लागायचं त्याहून कमी डिझेल आख्ख्या डेपोत कुणाच्या गाडीला लागत नसे. लोक म्हणतात थेंबे थेंबे तळे साचे, म्हणून डेपोने त्यांचं नावच ठेवलं थेंबराव. मेकॅनिकसुद्धा हाक मारायचा, 'थेंबराव, गाडी आली!' त्यांना राग यायचा नाही, उलट छाती फुगायची. त्यांचा मंत्र एकच: वरचा गियर, हलका पाय. इंजिन सावकाश फिरवायचं, त्याला धावू द्यायचं नाही, उतार दिसायच्या आधीच पाय उचलायचा. घरातही तेच. दूध वर यायच्या जरा आधी गॅस बंद करतील आणि भांड्याकडे असे बघत राहतील, की त्या दुधाला लाजेकाजेस्तव वर यावंच लागतं.

ताई त्यांच्याच बसवर कंडक्टर होती. लग्न झाल्यावर डेपोने तिला दुसऱ्या मार्गावर टाकलं. नवराबायको एका गाडीवर नकोत, असा तिथला शिरस्ता. त्याआधीची दोन वर्षं मात्र तिने मागून बेल द्यायची आणि यांनी पुढे गाडी हलवायची, एवढ्यावरच त्यांचं जमलं. आमची आई म्हणायची, 'एकमेकांचं तोंडही न बघता ठरलेलं हे पहिलंच लग्न.'

तर ही सायकल. निवृत्त होईपर्यंत भावोजींनी आयुष्यभर दुसऱ्याची गाडी हाकली, स्वतःची घेतली नाही. हॉस्पिटलची व्हॅन येत असे, पण ती सगळं शहर गोळा करत फिरायची, आणि बंद गाडीत ताईला उलट्या व्हायच्या. टॅक्सीतही तेच. आधीच अंगात त्राण नाही, त्यात पोटात काही ठरायचं नाही. उघड्या हवेत मात्र ती बरी असायची. म्हणून भावोजींनी मागून लांब असलेली विजेची सायकल घेतली. मागे पाठ टेकायला गादी, पाय ठेवायला पायऱ्या, कमरेला पट्टा. ताईच्या डाव्या हाताला सुया टोचतात, त्या हातावर जोर द्यायचा नसतो. म्हणून उजवीकडे धरायला एक दांडी बसवून घेतली.

घेतानाच दुकानदारीण बाई म्हणाली होती, मी तिथेच उभी होते, "काका, हिची मोटार तुमच्या पायांच्या ऐवजी काम करत नाही, पायांना साथ देते. गियर हलका ठेवा, पाय पटपट फिरू द्या. जड गियरवर पाय रखडले की मोटारही रखडते, तापते आणि बॅटरी पिऊन टाकते. चढ लागायच्या आधीच गियर उतरवा, आणि उतरवताना पायाचा जोर क्षणभर सैल सोडा, नाहीतर साखळी खाडकन बोलेल. सपाटीला मदतीचं बटण कमीवर. चढाला आधी गियर हलका, मग मदत वाढवा."

भावोजी म्हणाले, "हं."

तो 'हं' मी ओळखते. थांबा नसलेल्या ठिकाणी कुणी हात दाखवला की भावोजी बसमधून तसंच करायचे. हात दिसलाय एवढं कळवायचं आणि पुढे जायचं.

दुसऱ्या दिवसापासून थेंबरावांनी बॅटरी वाचवायला सुरुवात केली. वरचा गियर, हलका पाय. सपाटीला मोटार बंद, का तर चढासाठी राखून ठेवायची. चढाला सगळ्यात जड गियर आणि पाय असे सावकाश, की एक पाय खाली जाईपर्यंत दुसरा वर विचार करत असायचा. डिझेलच्या गाडीला जे पुण्य, ते हिला पाप. पण सांगायचं कुणी? बस कधी रुसते हे त्यांना आवाजावरून कळायचं. ही सायकल मुकी. मोटार तापली तरी हूं की चूं करत नाही. भावोजी तिच्या त्या गप्प बसण्याला समाधान समजत होते.

मी सांगून बघितलं. "भावोजी, चढाच्या आधी गियर उतरवा हो."

"मेहुणीबाई, तुम्ही इस्त्री कशी धरावी हे मी सांगायला येतो का?"

"आलात तरी मी ऐकेन."

"म्हणून तर येत नाही," ते म्हणाले आणि टायर दाबून बघायला लागले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग तो दिवस आला. मी खिडकीत, ते खालच्या वळणावर. सायकल चालतेय की उभी आहे हेच कळेना. बघता बघता भावोजी उतरले आणि हँडल धरून ढकलायला लागले. बॅटरी संपली होती. थोडा वेळ त्यांनी ताईला बसवूनच ढकललं, मग तीच उतरली. रस्त्याच्या कडेने, सीटला धरून, एक पाऊल टाकायची आणि थांबायची. इस्त्री आडवीच टाकून मी धावले, आणि धावताना हाताशी आली ती धुवायच्या चादरींची ट्रॉली ओढत नेली. आमच्या ताईने हॉस्पिटलचा शेवटचा टप्पा मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसून पार केला. मी पुढून ओढतेय, भावोजी मागून ढकलताहेत. ताई म्हणाली, "तिकीट कुणी काढलंय का?" आणि मग तिला बोलायलाही दम पुरेना.

पोचायला उशीर झाला होता. तिच्या मागच्या नंबरचा पेशंट ताटकळत होता, म्हणून तिचं यंत्र लवकर सोडावं लागलं. दोन दिवस तिच्या पायांची सूज उतरली नाही. रात्री ती आडवी होऊ शकत नसे, आडवी झाली की छातीत पाणी चढल्यासारखं व्हायचं. भावोजी शेजारी बसून राहायचे, हाताची घडी घालून.

माझी भाची, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, दुसऱ्या शहरात असते. शाळेत गणित शिकवते. तिला कुणीतरी सांगितलंच. कुणीतरी म्हणजे मी. तिने फोन केला. भावोजींनी तो स्पीकरवर ठेवला.

"बाबा, आईला माझ्याकडे पाठवा. आमच्या घरासमोरच हॉस्पिटल आहे. चालत दोन मिनिटं."

"मग मी?"

तिच्याकडे दोन खोल्या, त्यात सासूबाई, दोन मुलं. आई मावली असती, कशीबशी. बाबांना नाही म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती, पण खोल्या म्हणत होत्या.

"बॅटरीचं मी बघतो," भावोजी म्हणाले. "पुन्हा असं होणार नाही."

"बॅटरीचं सोडा बाबा. डायलिसिसनंतर आईचं ब्लडप्रेशर उतरतं. ती मागे बसलेली असते. तिला मागच्या मागे चक्कर आली तर तुम्हाला कळणार कसं? तुम्ही पुढे बघता."

भावोजींनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"सांगा ना, कसं कळणार? महिनाअखेर मी येते. तुमच्या मागून टॅक्सीने येईन, जाताना आणि येताना. मला पटलं तर ठीक. नाही पटलं तर परतताना आई माझ्याबरोबर."

फोन बंद झाल्यावर भावोजी त्या मुक्या सायकलचं हँडल चाचपून आले. मग त्यांनी आरसा आणून लावला. आरशात त्यांचं स्वतःचं कोपर दिसायचं आणि कोपरामागे ताईच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाचं टोक. खड्डा आला की तेही थरथरून जायचं. दुसऱ्या दिवशी ताईने कपाटातून बॅग काढली, चार कपडे भरले आणि पलंगाखाली सारली. मी विचारलं तर म्हणाली, "गाडी सुटायच्या वेळी धावपळ नको." मला तिचा भयंकर राग आला. भांडणारी माणसं परवडली. ही अशी आधीच आवरून बसणारी माणसं घरातल्यांचा जीव घेतात.

पण ताई नुसती आवरून बसली नव्हती. त्याच आठवड्यात मला म्हणाली, "त्या दुकानातून एक बेल आण. साधी, अंगठ्याने वाजणारी. माझ्या दांडीला बसवून दे."

"पोरं आडवी आली तर वाजवायला? पुढे आहे की त्यांची."

"पुढची ड्रायव्हरची. मला कंडक्टरची पाहिजे."

माझ्या सुट्टीच्या दिवशी कालव्याकाठच्या रस्त्यावर तिने तिचा प्रयोग केला. तिथे पाण्यावर एक पूल आहे, दोन्ही बाजूंनी चढाचा. मी शेजारून पळत होते, माझ्या नाकी नऊ आले होते. भावोजी नेहमीप्रमाणे जड गियरमध्ये पुलाला भिडले, पाय रखडायला लागले, आणि मागून आवाज आला. टिंग. एकच.

मी शपथेवर सांगते, त्यांच्या डोक्याला कळायच्या आधी त्यांच्या बोटाला कळलं. पायाचा जोर सैल झाला, गियर उतरला, पुन्हा टिंग, आणखी एक उतरला, आणि पाय भरभर फिरायला लागले. सायकल पूल अशी चढली, की मला पळणं सोडून द्यावं लागलं. पलीकडे सपाटीला टिंग टिंग. दोन. गियर चढला, मदत कमी झाली.

मी धापा टाकत पोचले तेव्हा ताई हसत होती. "एक दिली की हळू, हलकं. दोन दिल्या की जाऊ दे. यांना नवीन काही शिकवायचं नाही, जुनंच आठवून द्यायचं."

"पण तुला मागे बसून कसं कळतं, गियर जड झालाय ते?"

"सीट सांगते. यांचे पाय रखडले की खालची सळई थरथरते. दातांपर्यंत येते."

मी भावोजींना खिजवलं, "काय हो, शेवटी ऐकलंत ना?"

"मी कुणाचं ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "कंडक्टरची बेल पाळणं हा नियम आहे."

त्यानंतर बॅटरी संपण्याचं भय गेलं. टेकडी चढून, उतरून, घरी आले तरी निम्म्याच्या वर शिल्लक. भावोजींचे गुडघे दुखायचे थांबले. ताई वेळेवर यंत्राला लागायची, सूज उतरली. मी खिडकीतून बेल ऐकायला लागले. शेवटच्या वळणाआधी एक टिंग, वळण संपल्यावर दोन. सुपरवायझरसुद्धा म्हणायला लागली, 'आली बाई तुझी बस.'

पण माणसाच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही, निदान माझ्या तरी. महिनाअखेर जवळ येत होती आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. भावोजी एकटे भाजी आणायला जायचे तेव्हा मी बघितलं: चढाच्या चांगलं आधी गियर उतरवायचे, पाय न थांबवता, मलईतून चमचा फिरावा तसे. म्हणजे येत होतं त्यांना. अगदी उत्तम येत होतं. आणि ताई मागे बसली की पुन्हा तेच! प्रत्येक चढाला जड गियरमध्ये घुसायचे, पाय रखडायचे, आणि बेल आली की मगच उतरवायचे. सपाटीलासुद्धा मध्येच विनाकारण गियर जड करायचे. टिंग. मग हलका.

"भावोजी, हे काय चाललंय? येतं तरी करत नाही?"

"हं."

"अहो, परवा ती येणार आहे. गणितवाली. ती एक एक गोष्ट बघणार. तिच्यासमोर असं रखडलात तर ती म्हणेल, बाबा अजून शिकले नाहीत, आणि पलंगाखालची बॅग उचलेल. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय." आणि साखळीला तेल घालायला बसले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ते अशा माणसांबद्दलच. मला रात्रभर झोप नाही.

भाची आली. आल्या आल्या तिने सायकलचे ब्रेक दाबून बघितले, पट्टा ओढून बघितला, बेल वाजवून बघितली. लहानपणी ती बापाच्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसून फिरलेली पोर, पण बेल ऐकूनही तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पलंगाखालची बॅग तिने बघितली आणि बघितलीच नाही असं दाखवलं.

जाताना सगळं सुरळीत झालं. मी रजा टाकली होती. आम्ही दोघी टॅक्सीत, सायकल पुढे. प्रत्येक चढाला भावोजी रखडायचे, बेल यायची, गियर उतरायचा. भाची दर वेळी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची. तरी वर पोचले ते वेळेच्या आधी, आणि बॅटरी भरपूर होती. मला वाटलं, सुटलो.

यंत्र सुटल्यावर नर्सने ताईचं ब्लडप्रेशर बघितलं, जरा कमी होतं, म्हणून बसवून ठेवलं. पुन्हा बघितलं, ठीक होतं. भाची म्हणाली, "आई, आज टॅक्सीतून चल." ताई म्हणाली, "आज तर परीक्षा आहे. अर्धा पेपर सोडून कशी उठू?" आणि उजव्या हाताने दांडी धरून सीटवर बसली. भावोजींनी पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला.

उतार त्यांनी ब्रेकवर सावकाश उतरला. टॅक्सीवाल्याला मी सांगितलं होतं, मागेच राहा. भाचीने पुढच्या सीटची पाठ धरून ठेवली होती, नजर आईवर. मीही ताईवरच. दोघींच्या चार डोळ्यांनी आम्ही तिला धरून ठेवलं होतं. कालव्याच्या रस्त्याला लागल्यावर ताईने कपाळ भावोजींच्या पाठीला टेकवलं. मला बरं वाटलं. म्हटलं, "बघ, कशी निवांत टेकलीय."

"हं," भाची म्हणाली. अगदी बापासारखं.

मग पूल आला. सायकल जड गियरमध्ये चढाला भिडली. वेग कमी झाला. पाय रखडले. भाची उसळली, "मावशी, बघ! अजून तेच! सकाळपासून प्रत्येक चढाला तेच करताहेत. एवढं साधं... यांच्या भरवशावर मी आईला..."

मी मनात ओरडत होते, अहो उतरवा ना गियर, आजच्या दिवस तरी उतरवा! सायकल आणखी हळू झाली. पाय जेमतेम फिरत होते. बेल येईना.

आणि भावोजी थांबले. ऐन चढावर. ज्या माणसाने उभ्या नोकरीत चढावर गाडी थांबवली नव्हती, तो एका पायावर टेकला, ब्रेक आवळला, आणि मान वळवायच्या आधी त्यांचा हात मागे गेला. त्या हाताने त्यांनी ताईला धरलं. धरलं तेव्हा आम्हाला दिसलं, की तिचा उजवा हात दांडीवरून कधीच सुटून लोंबत होता, आणि मान एका बाजूला कलली होती. ती टेकली नव्हती. ती शुद्धीवरच नव्हती.

टॅक्सी थांबायच्या आत भाचीने दार उघडलं होतं. आम्ही पोचेपर्यंत भावोजींनी पट्टा सोडून ताईला पुलाच्या फुटपाथवर आडवं केलं होतं आणि तिचे पाय उचलून आपल्या मांडीवर उंच धरले होते. कपाळावर गार घाम, ओठ पांढरे. भाची हॉस्पिटलला फोन लावत होती आणि तिच्या बोटांना आकडे सापडत नव्हते. मी ताईला हाका मारत होते, तिच्या नावाने, ज्या मी लहानपणापासून कधी मारल्या नव्हत्या. भावोजी फक्त तिच्या पायांचे तळवे चोळत होते. मला वाटलं, संपलं सगळं. खरंच वाटलं.

मग ताईने डोळे उघडले. आधी आकाशाकडे बघितलं, मग आमच्या तोंडांकडे, आणि म्हणाली, "कुठला थांबा?"

भाची तिथेच फुटपाथवर बसली आणि रडली. नर्सने फोनवर सांगितलं, पाय वरच ठेवा, दोन घोट पाणी द्या, जरा हुशारी आली की परत वर आणा, एकदा तपासू. असं होतं, म्हणाली, गाडीत बसलेल्यांनाही होतं. वेळेवर लक्षात आलं हे महत्त्वाचं. आम्ही ताईला टॅक्सीत मागच्या सीटवर आडवं केलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर, माझा हात तिच्या मुठीत. उलटी झाली तर होऊ दे म्हटलं, मी चादरी धुणाऱ्यांतली आहे.

भाची मात्र बापासमोर उभी राहिली होती. "बाबा, तुम्हाला कसं कळलं? आम्ही दोघी तिच्याकडेच बघत होतो. डोळे लावून. आम्हाला कळलं नाही."

"बेल आली नाही," भावोजी म्हणाले.

"म्हणजे?"

"गियर जड केला. सीट थरथरली असणार. तरी बेल आली नाही."

"पण गियर तर तुम्हाला स्वतःला..."

"येतो की. कधीचाच येतो." त्यांनी हँडलवरची धूळ अंगठ्याने पुसली. "तू विचारलं होतंस ना फोनवर, कळणार कसं म्हणून. आरशात काही दिसेना. मग म्हटलं, जड गियर टाकून विचारत राहू. ती बेल देते. दिली, की समजायचं, बाई जागी आहे."

"प्रत्येक चढाला?"

"प्रत्येक चढाला. सपाटीलाही, मध्ये मध्ये. बॅटरी थोडी जास्त जाते." आणि मग जरा ओशाळून, "जाऊ दे. जाते तर जाते."

डिझेलच्या एका थेंबासाठी जन्मभर पाय उचलून धरलेला हा माणूस! रोज, चढाचढाला, मुद्दाम बॅटरी सांडत होता, बायकोला विचारायला, आहेस ना. आणि मी त्याला पीळ म्हणत होते. मला रडू आवरेना, आणि ताईच्या केसांवर पडू नये म्हणून मी मान खिडकीबाहेर काढली.

भाचीने डोळे पुसले. टॅक्सीपाशी आली, आईच्या गालाला हात लावून बघितला. "इथून पुढे डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय वॉर्डातून हलायचं नाही. टंगळमंगळ चालणार नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मावशी, घरी गेलं की आईची बॅग रिकामी कर."

"अगं, बस ना आता. तिला वर न्यायचंय."

"तुम्ही व्हा पुढे. मी बाबांबरोबर येते."

भावोजींनी सायकल वळवून टेकडीकडे तोंड केलं होतं. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर, नजर सरळ समोर. मागची सीट रिकामी. घाई तर त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त होती, पण ते हलत नव्हते. भाची मागे चढली, कमरेचा पट्टा लावला, उजव्या हाताने दांडी धरली. टॅक्सी सुरू झाली आणि मागून आवाज आला.

ताईने डोळे मिटूनच विचारलं, "किती दिल्या?"

"दोन," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने माझा हात सैल सोडला.